निम्मा दाणा

ताराबाई पार्कातल्या एका बारमध्ये मी साके ओतते.
नव्वद मिलीचा ग्लास, साडेआठशेपासून पुढे.
गिऱ्हाईक बहुतेक शिरोलीचे फाउंड्रीवाले,
जपानी पाहुण्यांसमोर आपल्याला यातलं कळतं
असं दाखवायला येतात,
आणि दुसऱ्या ग्लासाला खरंच थोडं कळू लागतं त्यांना.

मेन्यूकार्डावर छापलंय : नाशपाती, खरबूज, पांढरी फुलं.
कुठली पांढरी फुलं, ते छापलेलं नाही.
माझी वही वेगळी, काउंटरखाली,
पाठकोऱ्या बिलांची शिवलेली.

जुनमाई, कोमट : भाताचं झाकण काढल्यावर
चष्म्यावर धरते ती वाफ.
गिंजो, गार : पेरू नव्हे, पेरूच्या पिशवीचा वास,
एसटीत मांडीवर धरून आणलेल्या.
निगोरी : हलवल्याशिवाय ओतू नये. पेज.
तापात आई देते तशी, फक्त ही तापच आणते.
यामाहाई : ताकाचं मडकं. घासून धुतलंय, पण मडकं विसरत नाही.
आठ वर्षं मुरलेली : काकवी.
पुढं काही लिहिलं नाही. गुऱ्हाळ ठाऊक असेल त्याला एवढं पुरे.

आणि लाल शाईत, स्वतःसाठी :
तांबड्या रश्श्याबरोबर दाइगिंजो मागितला तर हात जोडावेत.
पांढऱ्याबरोबर निगोरी द्यावी आणि चेहरा बघत उभं राहावं.

मार्चमध्ये आबा आले, सीपीआरला डोळा दाखवायला.
पुंडलिक होलम, आजऱ्याला भाताची गिरण.
बार उघडायच्या आधी, दुपारी चारला,
उंच स्टूल टाळून भिंतीकडेच्या खुर्चीत बसले,
एका डोळ्यावर पट्टी.

"नेमकं इकतीस काय?"
तांदळाची दारू.
"ते ठावं हाय. तांदूळ कसला?"

कंपनीनं नमुन्याला दिलेली दाण्यांची कुपी पुढं केली.
तळहातावर ओतून अंगठ्यानं फिरवले,
एक दाढेखाली फोडला.
"ही तर साबुदाण्याची जात झाली. किती घासलाय?"
निम्मा.
"निम्मा ऱ्हायला का निम्मा गेला?"
दोन्ही एकच की, आबा.
"एकच कसं?"

ज्या माणसानं कोंडा म्हशीला घातला,
कणी कोंबड्यांना, तूस वीटभट्टीला,
आणि झाडू मारलेली धूळसुद्धा चाळून बघितली,
त्याला मी सांगत होते :
बाहेरचा भाग चवीच्या आड येतो.
"घनसाळचा वास कुठं असतोय मग?"
मी वाद घातला नाही.
दाइगिंजोचा घोट इतका स्वच्छ असतो
की सामान हलवलेल्या खोलीत
आपलाच आवाज ऐकू यावा.

मग लाकडी चौकोनी खोका ठेवला, त्यात ग्लास,
आणि रीतीप्रमाणे ओतत गेले,
काठावरून खाली, खोक्यात.
आबा उठलेच. "अगं सांडतंय!"
सांडू द्यायचं असतं.
त्यांनी ग्लास उचलून बाजूला ठेवला,
खोक्याच्या आतली भिंत बोटानं चाचपली,
चारी कोपरे, तळ.
"हे माप हाय."
होय. पूर्वी तांदूळ मोजायचे यात.
"चिपट्याचं भावंड." मग बराच वेळ काही नाही.
"म्हंजे शीग सोडतीस. पोटभर माप देऊन वर शीग.
मग साडेआठशे घे बापडे."

जन्मात कधी न प्यालेल्या माणसानं
करंगळी बुडवून जिभेला लावली.
"लाभ," म्हणाले.
धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत आमच्यात.
मी थांबले, दोन येईल म्हणून.

"घासलेलं पीठ काय करत्यात?"
बिस्किटं करतात म्हणे.
"मग बरं."

साडेपाचच्या गाडीला त्यांना खिडकी मिळाली.
परत येऊन काउंटर पुसलं, खोका उपडा घातला.
कुपीतले दाणे कमी झालेले वाटले.
मी मोजले नाहीत.